झेल्डाचे दोन 'मोशन' खेळ: 'ट्वायलाइट प्रिन्सेस' आणि 'स्कायवर्ड सोर्ड' यांत नेमका फरक काय?

निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर 'द लेजंड ऑफ झेल्डा' मालिकेतले दोन मोठे खेळ आले. पहिला २००६ चा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' आणि दुसरा २०११ चा 'स्कायवर्ड सोर्ड'. दोन्हींत नायक लिंक आहे, दोन्हींत खेळणाऱ्याच्या एका हातात वी रिमोट आणि दुसऱ्या हातात त्याला तारेने जोडलेला ननचक हा छोटा नियंत्रक असतो, आणि दोन्हींत रिमोट फिरवला की पडद्यावर तलवार फिरते. त्यामुळे 'वीवरचा तो हात हलवून खेळायचा झेल्डा' असा उल्लेख झाला की बोलणाऱ्याच्या मनात एक खेळ असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, आणि एकाचे दोष सहज दुसऱ्याच्या माथी मारले जातात. प्रत्यक्षात या दोन खेळांत हाताच्या हालचालीला दिलेले काम इतके वेगळे आहे की एकाच्या जमेच्या बाजू दुसऱ्याला लागूच पडत नाहीत.

'ट्वायलाइट प्रिन्सेस' मुळात वीसाठी रचलेला खेळ नव्हता. तो २००४ मध्ये गेमक्यूब या आधीच्या कन्सोलसाठी जाहीर झाला होता. पुढे तो लांबत गेला आणि अखेर १९ नोव्हेंबर २००६ रोजी, उत्तर अमेरिकेत वी विक्रीला आले त्याच दिवशी, त्या नव्या यंत्रावर आला. गेमक्यूबची आवृत्ती त्यानंतर महिन्याभरात आली. या स्थलांतराची सर्वांत ठळक खूण खेळाच्या नकाशात दिसते. लिंक हा परंपरेने डावखुरा, तर रिमोट उजव्या हातात धरणारे खेळाडू बहुसंख्य. हात आणि पडदा जुळावेत म्हणून निर्मात्यांनी लिंकचा फक्त हात बदलला नाही, तर संपूर्ण जगच आरशात पाहिल्यासारखे उलटे केले. गेमक्यूबवर पश्चिमेला असलेले वाळवंट वीवर पूर्वेला आहे, आणि एका आवृत्तीसाठी लिहिलेली मार्गदर्शिका दुसरीसाठी वापरणारा खेळाडू आजही हमखास वाट चुकतो. तयार झालेल्या खेळावर मोशन नियंत्रण नंतर चढवले गेले, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

आता मूळ फरक यंत्रात कुठे आहे ते पाहू. २००६ च्या वी रिमोटमध्ये तीन अक्षांवरचे त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर होता आणि पुढच्या टोकाला अवरक्त प्रकाश पाहणारा एक लहान कॅमेरा होता. ॲक्सेलरोमीटर स्थिर असताना गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो आणि त्यावरून रिमोट किती कलला आहे ते सांगू शकतो. मात्र हात जोरात हलू लागला की गुरुत्वाकर्षण आणि हाताने दिलेला झटका हे दोन्ही त्याच्या एकाच आकड्यात मिसळतात, आणि त्यातून रिमोट नेमका कोणत्या कोनात आहे हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय रिमोट आडवा ठेवून तो डावीकडून उजवीकडे सावकाश वळवला, तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने काहीच बदलत नसल्यामुळे ते वळणे त्याला कळतही नाही. थोडक्यात, हात हलला हे त्याला खात्रीने सांगता येते. कसा हलला हे फारसे नाही.

म्हणून 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये रिमोट डावीकडे, उजवीकडे किंवा वरून खाली कसाही झटकला तरी खेळाला एकच निरोप जातो: वार कर. तो वार कोणत्या दिशेने दिसेल हे खेळच ठरवतो. ननचक हलवला की लिंक गिरकी घेऊन वार करतो, पुढे ढकलला की ढाल मारतो. ही बटणाची बदली आहे, तलवारीची नक्कल नव्हे. याचा फायदा असा की खेळाडू आरामात बसून, मनगटाच्या लहानशा झटक्याने तासन्‌तास खेळू शकतो, आणि हालचाल ओळखण्यात चूक होण्याची शक्यता नगण्य राहते. तोटा असा की पहिल्या काही तासांची गंमत ओसरली की हाताचे काम निरर्थक वाटू लागते. या खेळातल्या तलवारबाजीची खरी खोली एका मृत योद्ध्याकडून शिकायच्या सात गुप्त डावांमध्ये आहे. चिलखती डार्कनटशी होणारी झुंज आठवावी: तिथे शत्रूभोवती लोळून पाठीमागून वार करण्याची वेळ साधणे हेच सर्वस्व आहे, आणि ती वेळ बटणावरही तितकीच साधते, किंबहुना अधिक नेमकी.

नेमबाजीची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. टीव्हीजवळ ठेवायच्या 'सेन्सर बार'मध्ये नावाप्रमाणे कोणताही सेन्सर नसून फक्त अवरक्त दिवे असतात; रिमोटचा कॅमेरा ते दिवे पाहतो आणि आपण पडद्याच्या कोणत्या भागाकडे बोट दाखवत आहोत हे ठरवतो. संदर्भबिंदू खोलीत पक्का असल्यामुळे इथे चूक साचत नाही. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधले धनुष्य, गोफण आणि साखळीचा आकडा या पद्धतीने चालतात आणि फार छान चालतात. रिमोटच्या छोट्या स्पीकरमधून प्रत्यंचा ताणल्याचा आवाज येतो, हाही गमतीचा भाग. गळ टाकून मासे पकडण्याचा उपखेळ तर या खेळातला मोशन नियंत्रणाचा सर्वांत सहज वापर म्हणावा लागेल, कारण गळाला हिसका देण्यासाठी कोनाच्या अचूकतेची गरजच नसते.

२००९ मध्ये निन्टेन्डोने 'वी मोशनप्लस' हे जोडउपकरण आणले. त्यात जायरोस्कोप होते, म्हणजे रिमोट किती वेगाने आणि कोणत्या अक्षाभोवती फिरतो आहे हे मोजणारा सेन्सर. त्वरण आणि फिरण्याचा वेग ही दोन्ही मापे एकत्र केली की हात हलत असतानाही रिमोटचा कोन कळतो. 'स्कायवर्ड सोर्ड' या उपकरणाशिवाय चालतच नाही, आणि त्याचा प्रत्येक शत्रू या नव्या क्षमतेभोवती रचलेला आहे. बोकोब्लिन आपले शस्त्र एका बाजूला आडवे धरून उभा राहतो; त्याच बाजूने वार केला तर तो अडवतो, मोकळ्या बाजूने केला तर लागतो. मांसभक्षी डेकू बाबा या वनस्पतीचा जबडा कधी उभा तर कधी आडवा उघडतो आणि त्याच रेषेत चीर द्यावी लागते. तीन मुंडक्यांचा स्टॅल्ड्रा एकाच आडव्या वारात संपवला नाही तर मुंडकी पुन्हा उगवतात. दारावरचे डोळे तलवारीच्या टोकाचा पाठलाग करतात, तेव्हा टोक गोल गोल फिरवून त्यांना भोवळ आणावी लागते. पहिल्याच भुयाराच्या शेवटी भेटणारा घिराहिम तर तुमच्या तलवारीवर नजर ठेवून हाताने ती हवेतच पकडतो, म्हणून एका बाजूला हूल देऊन दुसऱ्या बाजूने वार करणे भाग पडते.

इथे हालचाल हे बटणाचे सोंग नाही. कोन हाच प्रश्न आणि कोन हेच उत्तर आहे. माझ्या मते या मालिकेतल्या लढाया इतक्या विचारपूर्वक क्वचितच रचल्या गेल्या आहेत. तलवारीखेरीजही या क्षमतेचा उपयोग झाला आहे: बॉम्ब खालून घरंगळत सोडता येतो किंवा वरून फेकता येतो, आणि बीटल नावाचे उडते यंत्र मनगट कलवून वळवता येते. ॲन्शंट सिस्टर्न या मंदिरातला सहा हातांचा कोलोक्टोस चाबकाने खिळखिळा करून, त्याचीच अवजड तलवार उचलून त्याच्यावर चालवण्याचा प्रसंग तर केवळ हातात रिमोट असल्यामुळे संस्मरणीय होतो.

मात्र जायरोस्कोपची एक अंगभूत मर्यादा आहे आणि या खेळाच्या बहुतेक तक्रारी तिथून निघतात. हा सेन्सर कोन थेट सांगत नाही, फिरण्याचा वेग सांगतो. कोन काढण्यासाठी तो वेग क्षणाक्षणाला बेरजेत धरावा लागतो. डोळे मिटून पावले मोजत चालणाऱ्या माणसाप्रमाणे प्रत्येक क्षणाची बारीक चूक पुढच्या क्षणात मिसळते आणि थोड्या वेळाने अंदाज खऱ्या जागेपासून सरकतो. वर-खालचा कल गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने दुरुस्त करता येतो. डावी-उजवी दिशा दुरुस्त करण्यासाठी असा आधार नाही. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये हा आधार अवरक्त दिव्यांनी दिला होता. 'स्कायवर्ड सोर्ड'ने मात्र खेळताना नेम धरण्याचे कामही जायरोस्कोपवरच सोपवले, त्यामुळे रिमोट टीव्हीकडे रोखण्याची सक्ती गेली खरी, पण मधूनमधून बटण दाबून नेम पुन्हा मध्यावर आणण्याचे काम खेळाडूच्या मागे लागले. अधिक प्रगत उपकरण असलेला खेळ नेमबाजीत जुन्याहून कमी स्थिर निघाला, ही विसंगती दोन खेळांची सरमिसळ करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

दुसरी अडचण सेन्सरची नसून माणसाच्या हाताची आहे. उजवीकडून वार करायचा तर हात आधी उजवीकडे न्यावा लागतो, आणि तो घाईने नेला तर खेळ त्या तयारीलाच वार समजतो. सावकाश हात नेऊन मग झटका देण्याची सवय होईपर्यंत खेळाडू चिडतो, आणि ते स्वाभाविकही आहे. २०१० च्या ई-थ्री या व्हिडिओ खेळांच्या प्रदर्शनात मालिकेचे जनक शिगेरू मियामोटो यांनी रंगमंचावर दाखवलेले प्रात्यक्षिक सर्वांसमोर फसले. सभागृहातल्या बिनतारी यंत्रांचा व्यत्यय हे कारण तेव्हा सांगितले गेले, पण 'याची तलवार ऐकत नाही' ही प्रतिमा प्रकाशनाच्या वर्षभर आधीच रुजली. पोहणे, पक्ष्यावरून उडणे आणि तालावर हार्प वाजवणे या गोष्टींनाही हालचालीची जोड दिली आहे. त्यांतले उड्डाण चालून जाते, पोहणे कंटाळवाणे आहे आणि हार्पविषयी बोलू नये हेच बरे.

असे असले तरी 'स्कायवर्ड सोर्ड'च्या दोषांपैकी मोठा वाटा मोशन नियंत्रणाचा नाहीच. तलवारीत वसलेली साथीदार फाय उठसूट थांबवून नुकतेच घडलेले पुन्हा सांगते, रिमोटची बॅटरी उतरल्याचीही वर्दी देते. इम्प्रिझन्ड या राक्षसाशी तीनदा लढावे लागते. जंगल, ज्वालामुखी आणि वाळवंट या तीनच प्रदेशांत पुन:पुन्हा उतरावे लागते. आणि वरचे आकाश विस्ताराच्या मानाने ओसाड आहे. यांतले काहीही हाताच्या हालचालीमुळे घडत नाही. तसे पाहता 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ही या बाबतीत सोवळा नाही. त्याची सुरुवात गावातल्या बारीकसारीक कामांत रेंगाळते, घोड्यावरून पार करायची मैदाने रिकामी वाटतात, आणि लांडग्याच्या रूपात प्रकाशाचे सोळा सोळा अश्रू गोळा करण्याची सक्ती तीन प्रांतांत होते. मिडनासारखी धारदार स्वभावाची साथीदार आणि एकामागून एक सरस भुयारे यांमुळे खेळाडूंना या खेळाची आठवण गोड राहते, एवढेच.

समीक्षकांच्या गुणांतही दोन्हींविषयीचे मतभेद उमटले. गेमस्पॉट या खेळ-समीक्षेच्या संकेतस्थळाने वीवरच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ला १० पैकी ८.८ गुण दिले तेव्हा चाहते खवळले होते. त्याच संकेतस्थळाने 'स्कायवर्ड सोर्ड'ला ७.५ दिले, तर जपानच्या फामित्सू या नियतकालिकाने त्याच खेळाला ४० पैकी ४० गुण बहाल केले. हात ज्याच्याशी जुळला त्याचा खेळ आणि ज्याच्याशी जुळला नाही त्याचा खेळ हे जणू दोन वेगळे खेळ होते.

या वादाची उत्तम कसोटी पुढच्या आवृत्त्यांनी घेतली. २०१६ मध्ये वी यू कन्सोलवर 'ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी' आला, त्यात रिमोट झटकून तलवार चालवणे पूर्णपणे गेले आणि तलवार पुन्हा बटणावर आली. हातातल्या गेमपॅडने नेम धरण्याची सोय मात्र राहिली. अश्रूंची संख्याही बारावर आली. तलवारीचा झटका गेल्याने खेळाचे काही बिघडले नाही. १६ जुलै २०२१ रोजी निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आलेल्या 'स्कायवर्ड सोर्ड एचडी'ची गोष्ट वेगळी. फायची बडबड ऐच्छिक झाली, चित्रप्रसंग वगळता येऊ लागले, चलनवलन सेकंदाला ६० चौकटी इतके सफाईदार झाले, आणि केवळ एवढ्याने खेळ कितीतरी हलका वाटू लागला. बटणांचा पर्यायही दिला गेला, पण त्यात उजवी स्टिक ज्या दिशेने ढकलावी त्या दिशेने तलवार चालते, म्हणजे कोनाचे कोडे इथेही टळत नाही. शिवाय स्टिक तलवारीला दिल्यामुळे कॅमेरा फिरवण्यासाठी वेगळे बटण दाबून धरावे लागते.

आज यांपैकी 'स्कायवर्ड सोर्ड' खेळायचा असेल तर स्विचची आवृत्तीच घ्यावी आणि सुरुवात मोशन नियंत्रणानेच करावी. निदान घिराहिमशी पहिली झुंज होईपर्यंत बटणांकडे वळू नये. हात ताणून तलवारबाजी करण्याऐवजी कोपर अंगाशी ठेवून मनगटाने, प्रत्येक वारापूर्वी क्षणभर थांबून खेळावे, आणि नेम सरकला असे वाटताच वाय बटणाने तो मध्यावर आणण्याची सवय लावून घ्यावी. स्विच हातात धरून खेळणाऱ्यांना बटणांवाचून इलाज नाही. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या बाबतीत असा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही: वी मिळाला तर धनुष्याच्या नेमासाठी तो घ्यावा, गेमक्यूब किंवा वी यू मिळाला तर खेळातल्या हायरूल राज्याचा मूळ, न उलटलेला नकाशा पाहायला मिळेल.