पॅनेलमध्ये स्विच बसवणं

मोटर, पंप किंवा भट्टी चालवणाऱ्या लोखंडी पेटीच्या दारावर आणि आत पुशबटण, सिलेक्टर (फिरवायचा स्विच), इमर्जन्सी (धोक्यात मशीन थांबवायचं बटण), मेन आयसोलेटर (पॅनेलचा सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) असं बसवायचं की बटण दाबणाऱ्याला आणि उद्या दुरुस्तीला दार उघडणाऱ्याला करंट बसणार नाही, याला पॅनेलमध्ये स्विच बसवणं म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गाळ्यांत, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीत हे काम रोजचं आहे, फाउंड्री आली की मशीन आलं आणि मशीन आलं की पॅनेल आलंच.

पॅनेल बाहेरून कितीबी देखणं असू दे, खरी परीक्षा दार उघडल्यावर. दारावरचा आयसोलेटर बंद केला तरी त्याच्या आधीची, म्हणजे येणाऱ्या केबलची टर्मिनलं (वायर आवळायच्या जागा) जिवंतच असतात, तिथं 415 व्होल्ट उभे असतात, आणि स्विच बंद आहे म्हणून माणूस निर्धास्त हात घालतो. म्हणून त्या टर्मिनलांवर करंट न वाहणाऱ्या शीटचं झाकण आणि धोक्याची पाटी पाहिजेच. आयसोलेटरचं हँडल दाराशी असं जोडलेलं असावं की चालू असताना दार उघडूच नये, आणि बंद स्थितीत त्याला कुलूप लागावं. मशीनच्या विजेच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60204-1 प्रमाणे हे हँडल उभं राहायच्या जागेपासून 0.6 ते 1.9 मीटर उंचीवर येतं.

भोकाकडं लोक दुर्लक्ष करतात. नेहमीच्या 22 एमएम बटणाला भोक साधारण 22.5 चं आणि त्याला एक बारीक खाच, ती खाच बटण गोल फिरू नये म्हणून असते. खाच न कापता नुसतं नट आवळलं तर सिलेक्टर रोज फिरवून फिरवून सगळी बॉडीच सरकते, मागच्या वायरी पिळवटतात आणि एक दिवस टर्मिनलमधनं वायर सुटून पत्र्याला लागते. भोकाच्या कडा कानसेनं घासून उघड्या पत्र्याला प्रायमर लावायचा. भोकं पाडायची ती आतला माल बसवायच्या आधी, नाहीतर लोखंडाचा कीस कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचमध्ये, पडतो. नंतर पाडावंच लागलं तर आतलं सगळं झाकून घ्यायचं आणि कीस ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढायचा, हवा मारली की तो आणखी आत जातो.

दाराला अर्थिंग बिजागरीतनं मिळेल असं धरून चालू नये, तिथं रंग असतो, ग्रीस असतं. दार आणि बॉडी यांच्यामध्ये वेगळी हिरवी लवचिक वायर किंवा तांब्याची वेणी टाकायची आणि बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर घालायचा. दारावर जाणाऱ्या बाकीच्या वायरीही मल्टिस्ट्रँडच (बारीक तारांच्या, वाकणाऱ्या), बिजागरीजवळ थोडा लूप ठेवून, एवढा की दार लावताना चिमटणार नाहीत. दार लावल्यावर बटणामागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक, म्हणजे वायरी जोडलेला भाग, आतल्या कॉन्टॅक्टरला टेकत नाही ना, हेबी बघून घ्यायचं.

इमर्जन्सी म्हणजे पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल मशरूम, दाबल्यावर तिथंच अडकून बसणारं, एनसी (एरवी जोडलेल्या, दाबल्यावर तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टवर जोडलेलं, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. पण यातबी एक जीवघेणी मेख आहे, कॉन्टॅक्ट ब्लॉक डोक्यापासून सुटून खाली लोंबकळत असेल तर त्याचा कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो, वरनं मशरूम दाबलं जातं आणि मशीन चालूच. अशा वेळी कॉन्टॅक्ट आपोआप तोडणारे ब्लॉक मिळतात, तेच घ्यावेत.

आपल्याकडचा पाऊस आणि फाउंड्रीची काळी धूळ, दोन्ही पॅनेलची वैरी. आयपी 54 किंवा 65, म्हणजे धूळ-पाणी अडवायची प्रत, असं पेटीवर लिहिलेलं असलं तरी बटणाखालचं रबर नसलं की ते लिहिणं फुकट. केबल खालनं, ग्लँडमधनं (केबल आवळून भोक बंद करणाऱ्या नटातनं) घ्यावी, वरनं घेतली तर पाणी केबलवरनं ओघळत थेट आत. जुनं बटण काढून मोकळं राहिलेलं भोक चिकटपट्टीनं झाकू नये, बुच बसवावं, तेवढ्या भोकातनं पाल आत जाते आणि दोन फेजच्या मध्ये येऊन शॉर्ट करते.

सप्लाय द्यायच्या आधी इलेक्ट्रॉनिक भाग सोडवून 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) पॉवर वायरिंग आणि अर्थ यांच्यामध्ये किमान 1 मेगाओहम आहे का बघतात. मग सप्लाय बंदच ठेवून, इमर्जन्सीच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावायचा, मशरूम दाबल्यावर बीप थांबली पाहिजे.