बालवाडीताई: कामाचे निकष आणि वर्गातल्या पद्धती (महाराष्ट्र)

३ ते ६ वयाच्या मुलांना शाळेच्या आधीचं शिक्षण देणारी व्यक्ती म्हणजे बालशिक्षिका. अंगणवाडीत आणि बालवाडीत तिला ताई म्हणतात, शहरातल्या इंग्लिश मीडियम नर्सरीत टीचर किंवा मिस. काम तेच आहे, वय तेच आहे, पण ती कुठल्या दारातून आत येते त्यावर तिचं शिक्षण, पगार, ट्रेनिंग, तिच्यावर कोणाची देखरेख हे सगळं बदलतं. महाराष्ट्रात अंगणवाड्याच लाखाच्या वर आहेत, शिवाय संस्थांच्या बालवाड्या, महापालिकांचे बालवर्ग आणि गल्लोगल्ली निघालेले खासगी प्लेग्रुप, आणि या सगळ्यांना सारखा लागू होणारा आणि खरोखर तपासला जाणारा असा एकच निकष अजून नाही. गंमत नाही, खरंच वाईट वाटतं, कारण चांगला बालवर्ग कसा चालवायचा याचं ज्ञान मराठीत जवळपास शंभर वर्षांपासून आहे.

हे काम इथे कसं उभं राहिलं

मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह (लहान मुलांची शाळा) काढलं, त्यांचे विचार वाचून गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. अमरावती, मुंबई, राजकोट असा प्रवास करत ताराबाई मोडक तिथे पोचल्या, गिजुभाईंबरोबर काम केलं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मुलाला मारायचं नाही, भीती आणि बक्षीस दोन्ही दाखवायचं नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं, हे तेव्हाच्या मास्तरकीत कोणाला पटणारं नव्हतं.

पण माँटेसरीचं साहित्य महाग, ते शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलांपुरतंच राहणार हे ताराबाईंच्या लक्षात आलं. म्हणून १९४५ मध्ये त्या आणि अनुताई वाघ आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे लाकडी मण्यांच्या जागी बिया आल्या, शिंपले, पानं, काड्या, दगड, माती आली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा या बायका पाड्यावर गेल्या आणि घरासमोरच्या अंगणातच वर्ग भरवायला लागल्या, मुलांची नखं कापायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. अंगणवाडी ही कल्पना इथूनच आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, आणि मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडामुळे शाळा सोडावी लागू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. मात्र इथे एक मोठा बदल झाला. योजनेत सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. कोसबाडला जे काम मध्यभागी होतं ते आता सहापैकी एक झालं, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सगळ्यात मागे पडलेलं एक.

कागदावर काय काय आहे

केंद्राचं बाल्यावस्था संगोपन आणि शिक्षण धोरण २०१३ चं. त्यात ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती आणि तीनपेक्षा लहान असतील तर १० मुलांमागे एक असं प्रमाण दिलंय, ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर खेळायला किमान ३० चौरस मीटर जागा, रोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम. शहरातल्या अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत चालतात आणि खासगी नर्सऱ्या सोसायटीच्या वन बीएचके फ्लॅटमध्ये, तेव्हा या आकड्यांपासून आपण किती लांब आहोत ते कोणीही टेप घेऊन मोजू शकतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरला आणि ताईंच्या ट्रेनिंगबद्दल स्पष्ट सांगितलं: बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या अंगणवाडी सेविकेला ६ महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, कमी शिकलेलीला एक वर्षाचा डिप्लोमा, तोही काम चालू ठेवून. २० ऑक्टोबर २०२२ ला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाचा ३ ते ६ वयासाठीचा आधारशिला हा अभ्यासक्रम. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांत त्याआधीपासून आकार नावाचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे काय शिकवायचं याचा तुटवडा नाहीये.

तुटवडा आहे तो कोणी शिकवायचं हे ठरवण्याचा. पहिलीच्या शिक्षकाला डीएड ही पदविका लागते, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. टीईटी पहिली ते आठवीचीच आहे, त्याखाली काही नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांचा डिप्लोमा आहे खरा, पण तो नसताना नर्सरीत उभं राहिलं म्हणून कोणी अडवत नाही. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, त्यातलं ११ वं कलम फक्त एवढंच म्हणतं की ३ ते ६ च्या मुलांसाठी सरकारला व्यवस्था करता येईल. २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना ऑनलाइन नोंदणी करायला सांगितलं. आधी निदान मोजदाद तरी होईल, दर्जाचं नंतर.

वर्गात काय चालतं

चांगल्या बालवर्गात शिरलं तर पहिल्यांदा वाटतं की इथे काही चाललेलंच नाही, मुलं खेळतायत आणि ताई बसलीय. हे दिसणं फसवं आहे.

मुलं येतात, ताई प्रत्येकाला नावाने बोलावते, दाराशीच एक नजर टाकते: ताप आहे का, अंगावर वळ आहे का, रडून आलाय का, काल खाल्लं होतं का. मग गोल करून बसणं, हजेरी, आज काय वार, आकाशात ढग आहेत का, घरी काय झालं. पोरं इथे वाट्टेल ते सांगतात, शेळी व्याली, बाबा ओरडले, मामाने नवीन मोबाईल आणला, आणि ते सांगू देणं हाच तिथला भाषेचा तास असतो. बडबडगीतं आणि अभिनयगीतं येतात, मग मुक्तखेळ. खोलीत कोपरे केलेले असतात: भातुकलीचा आणि बाहुलीचा, ठोकळ्यांचा, चित्रांचा, पुस्तकांचा. मूल स्वतः कोपरा निवडतं. या वेळात ताईचं काम सर्वांत अवघड, कारण तिला मध्ये पडायचं नसतं आणि लक्षही हटू द्यायचं नसतं. दोघं एका ठोकळ्यासाठी भांडले तर लगेच न्यायनिवाडा करायचा नाही, थोडं थांबायचं, चावायला गेला तर मात्र त्याच क्षणी हात धरायचा. कोण तीन दिवस एकटाच बसतोय, कोणाला हाक मारली तर वळून बघत नाही (कानाची तपासणी हवी), कोण अजून दोन शब्दांच्या पुढे बोलत नाही, हे इथेच कळतं आणि नोंदवहीत जातं. २०२२ चा राष्ट्रीय आराखडासुद्धा हेच सांगतो की या टप्प्यावर लेखी-तोंडी परीक्षा अगदी अयोग्य, निरीक्षण करा आणि मुलाने केलेलं काम जपून ठेवा.

नंतर एखादं हाताचं काम: कणीक किंवा चिखल मळणं, कागद फाडून चिकटवणं, भेंडीचे ठसे, मणी ओवणं, शेंगा सोलणं, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं. मग बाहेर, पळापळ, उड्या, परिसरफेरी. मग खाऊ. खाऊचा तास नुसता खाण्याचा नसतो, हात धुणं, रांग, दुसऱ्याला वाढेपर्यंत थांबणं, आणि प्रत्येकाच्या पुढे एक वाटी ठेवायला मुलालाच सांगितलं तर एकास एक संगती (एका मुलाला एक वाटी अशी जोडी) तिथेच होते. अंगणवाडीच्या आहाराचा निकष २०२३ मध्ये बदलेपर्यंत ३ ते ६ च्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा होता. शेवटी गोष्ट. पुस्तक नसेल तर चिऊकाऊची तोंडी, काडीला चिकटवलेली दोन चित्रं घेऊन, आणि तीच गोष्ट दहा वेळा सांगायची तयारी ठेवून, कारण मुलांना तीच हवी असते आणि पुढे काय होणार हे माहीत असण्यातूनच ती क्रम शिकतात.

जूनमधले रडारडीचे दिवस हा वेगळाच विषय. मुलाला आत ओढून दार लावून घेणं अजूनही खूप ठिकाणी चालतं आणि ते बंद व्हायला हवं. आईला किंवा आजीला थोडे दिवस वर्गात बसू द्यायचं, मग दारापर्यंत, मग पंधरा मिनिटं बाहेर, असं हळूहळू सोडवलं की मूल टिकतं. आईने गुपचूप पळून जायचं नाही, सांगून जायचं.

लिहिण्याची घाई

बालशिक्षणातला सगळ्यात मोठा झगडा इथे आहे आणि तो ताई विरुद्ध पालक असा होतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघांची वही, रोज दोन पानं होमवर्क, वर्कशीटवर ठिपके जोडा. पालकांना वही भरलेली दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण या वयात मनगटाची हाडं पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांची पकड पक्की नसते, म्हणून मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून जोर लावतं आणि दमतं. कणीक मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं ही लिहिण्याचीच तयारी असते. त्यानंतर उभी, आडवी, तिरपी, गोल रेघ, आधी मातीत, मग पाटीवर, आणि मग वळणाला सोपी अक्षरं, म्हणून तर अ आ इ ई च्या आधी ग म भ न घेण्याची पद्धत आली.

वाचनाचंही तसंच. अक्षर दाखवण्याच्या आधी आवाज ऐकू यायला हवेत: कप, कणीस, कमळ यांत सुरुवातीला काय येतं, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडणं, यमक जुळवणं, भेंड्या. आकड्यांत १ ते १०० घडाघडा म्हणणारं मूल सात चिंचोके मोजून देताना चुकतं, कारण म्हणणं पाठांतर असतं. आधी वर्गीकरण, जोड्या, लहान-मोठं, कमी-जास्त, मग संख्या. दप्तराच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या १९९३ च्या यशपाल समितीने नर्सरी प्रवेशासाठीच्या मुलाखती आणि परीक्षा बंद करा असं सांगितलं होतं, पहिलीत मुलाला लिहिता-वाचता येत असलंच पाहिजे ही भीती मात्र अजून तशीच खाली उतरत येते. चांगली ताई पालकसभेत वहीऐवजी मुलाने केलेलं काम भिंतीवर लावते आणि त्यातून तो काय शिकला ते आईबाबांना समजावून सांगते. हे समजावणं तिच्या कामाचाच भाग आहे, जास्तीचं काही नाही.

घरची भाषा

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारला भिली आणि पावरी, पालघरला वारली बोलणारं मूल येतं आणि वर्गात प्रमाण मराठी सुरू असते. मूल गप्प बसतं आणि मंद ठरतं. २०२० चं धोरण सांगतं की या वयात शिक्षण घरच्या भाषेत हवं. सेविका त्याच गावची असण्याची अट इथे फार उपयोगी पडते, कारण ती दोन्हीकडचे शब्द वापरू शकते: गोष्ट घरच्या भाषेत, गाणं दोन्हींत, मराठी हळूहळू. शहरात हाच प्रश्न इंग्लिश नर्सरीत येतो, घरी मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला शू लागलीय हेही इंग्लिशमध्ये सांगायला लावतात. हे मला सरळ चुकीचं वाटतं.

शिक्षा आणि सुरक्षितता

मारणं, अंधारात कोंडणं, खाऊ बंद करणं, अंथरुणात शू केली म्हणून सगळ्यांसमोर बोलणं, यातलं काहीच चालत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या ७५ व्या कलमाखाली मुलाशी क्रूर वागणं गुन्हा आहे. पोक्सो कायदा २०१२ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर ती पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून दाबता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर राज्यात शाळांमधल्या सीसीटीव्हीची सक्ती कडक झाली. कॅमेरा हवाच, पण मुलांना शी-शूला कोण नेतं आणि तिथे दुसरी बाई असते का, हे रोज बघणं त्याहून महत्त्वाचं.

मानधन आणि दर्जा

अंगणवाडी सेविकेला सरकार कर्मचारी मानत नाही, मानसेवी मानतं, म्हणून तिला पगार नाही, मानधन मिळतं. तिच्याकडे पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपमधली एंट्री, वजन-उंची, घरपोच आहाराचं वाटप, गृहभेटी, सर्वेक्षण, गरोदर बायकांची नोंद, आणि हे सगळं झाल्यावर उरलेल्या वेळात तीन वेगवेगळ्या वयांची मुलं एका खोलीत. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, ते नीट चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी मोठा संप झाला, तो जानेवारीतही चालला.

खासगी नर्सरीतल्या टीचरची अवस्था याहून वेगळी पण बरी नाही. संघटना नाही, नेमणुकीचं पत्र बऱ्याचदा नाही, मे महिन्याचा पगार नाही, आणि फी घेणाऱ्या शाळेतसुद्धा तिचा पगार सेविकेच्या मानधनाच्या आसपास किंवा खाली असू शकतो.

२५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका खटल्यात सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निकाल दिला. त्यात कोर्टाने नेमकं हेही म्हटलं की अंगणवाडीत ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी चालतं ते शैक्षणिक काम आहे आणि शिकवण्याचं काम सेविका आणि मदतनीस करतात. ताईंच्या संघटना तेव्हापासून मोर्चांमध्ये आणि निवेदनांमध्ये हा निकाल पुढे करतात, आणि महाराष्ट्रात ग्रॅच्युइटी ही संपातली एक मुख्य मागणी झाली ती त्यामुळेच.