आकड्यांवर उमटलेले बोटांचे ठसे

सप्टेंबर २०१६ मध्ये रशियात ड्यूमाची, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक झाली. केंद्रनिहाय निकाल आले तेव्हा सारातोव प्रांतात एक गंमत दिसली. शंभराहून अधिक मतदान केंद्रांवर सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’ पक्षाची मते ६२.२ टक्के होती. केंद्रे वेगळी, मतदारसंख्या वेगळी, टक्केवारी मात्र दशांशापर्यंत तीच!

निकाल आधीच पक्का असेल तर हुकूमशाही वळणाच्या राजवटी निवडणुका घेतात कशाला? एक कारण सरळ आहे: ४५० पैकी ३०० जागा हाती असल्या की ड्यूमात घटनादुरुस्ती अडत नाही. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. कोणता प्रांताधिकारी आपल्या भागावर किती पकड ठेवून आहे, हे वरच्यांना निकालातून कळते. त्यामुळे खालचा प्रत्येकजण अपेक्षित आकडा गाठून द्यायला धडपडतो. आणि माणूस आकडा मनाने ठरवतो तेव्हा तो ७१.३ ठरवत नाही, ७० किंवा ७५ ठरवतो.

कोबाक, श्पिल्किन आणि प्शेनिच्निकोव या संशोधकांनी नेमके हेच तपासले. २००० ते २०१२ या काळातल्या रशियन निवडणुकांत किती केंद्रांवर टक्केवारी पूर्णांकात आली, हे त्यांनी मोजले. यात एक मेख आहे. लहान केंद्रावर ५० टक्के हा निकाल निव्वळ अंकगणितामुळेही जास्त वेळा येतो. शंभर मतांत पन्नास पडणे काही नवलाचे नाही. म्हणून त्यांनी संगणकावर त्याच केंद्रांची निवडणूक पुन्हा पुन्हा ‘घेतली’ आणि योगायोगाने किती पूर्णांक येतील ते काढले. २००४ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीत प्रत्यक्ष संख्या त्याहून खूप वर निघाली.

मतपेटीत बोगस मतपत्रिका कोंबल्या तर खूण वेगळी उमटते. हजार मतदारांच्या केंद्रावर ५०० जणांनी मत दिले आणि त्यातली २०० मते सत्ताधाऱ्यांना पडली, असे धरा. मतदान ५० टक्के, पक्षाचा वाटा ४०. आता २०० मतपत्रिका गुपचूप आत टाका: मतदान ७० टक्के होते, वाटा ५७. दोन्ही आकडे एकदमच चढतात. त्यामुळे प्रत्येक केंद्राचे मतदान आणि पक्षाचा वाटा एकेका ठिपक्याने दाखवणारा आलेख काढला की ठिपक्यांच्या मुख्य घोळक्यातून एक शेपूट १०० टक्क्यांच्या कोपऱ्याकडे सरकताना दिसते. अर्थात ग्रामीण आणि शहरी भागांतल्या खऱ्या फरकानेही थोडीफार शेपूट निघू शकते, त्यामुळे नुसता आलेख पाहून शिक्का मारणे धोक्याचे. २०११ च्या ड्यूमा निवडणुकीनंतर मॉस्कोत निदर्शने झाली, तेव्हा मात्र हे गणित थेट रस्त्यावर आले. लोकांच्या हातातल्या फलकांवर गणितज्ञ गाउस आणि त्याचा घंटाकृती आलेख होता. संख्याशास्त्राला असा मान क्वचितच मिळतो.

त्याच निवडणुकीतला सर्वांत भक्कम पुरावा आलेखातून आला नाही. मॉस्कोतल्या ३,१६४ केंद्रांपैकी १५६ केंद्रांवर स्वतंत्र निरीक्षक पाठवले गेले. केंद्रे निवडली यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, औषधांच्या चाचणीत रुग्णांचे गट पाडतात तशी. त्यामुळे ‘निरीक्षक गेले तिथे मुळातच विरोधकांचा जोर होता’ ही पळवाट उरली नाही. शहरभर सत्ताधारी पक्षाला सुमारे ४७ टक्के मते दाखवली होती. निरीक्षक होते तिथल्या निकालांवरून खरा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास ठरला. हा अकरा टक्क्यांचा फरकही किमान अंदाज आहे, कारण निरीक्षकाच्या डोळ्यांदेखतही काही गोष्टी चालतात.

या पद्धतींना फक्त मोजणीतली लबाडी दिसते. उमेदवाराचा अर्जच बाद केला, दूरचित्रवाणीवर विरोधकाला जागाच दिली नाही, सरकारी कर्मचाऱ्यांना कार्यालयातून मतदानाला हाकलले, तर आलेख त्याबद्दल फारसे बोलत नाही. शिवाय पडताळणीचा सगळा डोलारा केंद्रनिहाय आकड्यांवर उभा आहे. २०२१ च्या ड्यूमा निवडणुकीत मॉस्कोत ऑनलाइन मतदानही झाले. कागदी मतांत आघाडीवर असलेले अनेक विरोधी उमेदवार, उशिरा जाहीर झालेली ऑनलाइन मते बेरजेत धरल्यावर हरले. कागदी मतांची तुलना शेजारच्या केंद्राशी करता येते; या मतांना केंद्रच नव्हते.