टोटेम आणि टोटेम स्तंभ

एखादे कूळ ज्या प्राण्याशी, वनस्पतीशी किंवा निसर्गातील वस्तूशी आपले पिढीजात नाते मानते, त्या प्राण्याला वा वस्तूला टोटेम, म्हणजेच कुलप्रतीक, असे म्हणतात. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स परिसरात राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या ‘डोडेम’ या शब्दावरून हा शब्द आला असून, १७९१ मध्ये जॉन लाँग या व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनातून तो इंग्रजीत रूढ झाला. ओजिब्वे समाजात क्रौंच, अस्वल, मार्टेन (मुंगसासारखा दिसणारा एक लहान मांसाहारी प्राणी) अशी कुळे आहेत आणि एकाच डोडेमची माणसे भावंडे मानली जात असल्याने त्यांच्यात विवाह होत नाही. युगांडातील बगांडा लोकांत खवले मांजराच्या कुळातील व्यक्ती त्या प्राण्याचे मांस वर्ज्य मानते. मध्य ऑस्ट्रेलियातील अरेंटे लोकांत कुलप्रतीक विशिष्ट स्थळाशी आणि तेथील पूर्वजाशी जोडलेले असते व त्या प्राण्याची वा वनस्पतीची भरभराट व्हावी म्हणून विधी करणे हे त्या गटाचे कर्तव्य ठरते.

या साऱ्या प्रथांना एकच नाव देऊन तो मानवाचा आद्य धर्म असल्याचे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी सांगितले. मात्र विवाहबंधने, आहारनिषेध आणि प्राण्यापासून उत्पत्तीची कल्पना ही लक्षणे सर्वत्र एकत्र आढळत नाहीत, हे मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांनी १९१० मध्ये दाखवून दिले. कुलप्रतीकाच्या रूपाने समाज स्वतःलाच पूज्य मानतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्केम यांचे मत होते, तर माणसांमाणसांतील भेद प्राण्यांमधील भेदांच्या आधाराने मांडण्याची ही विचारपद्धती आहे, असे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्त्रोस मानत.

टोटेम स्तंभ ही त्याहून निराळी गोष्ट आहे, आणि या नावामुळेच तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज झालेले आहेत. असे स्तंभ अलास्काच्या आग्नेय भागापासून ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापर्यंत राहणारे ट्लिंगिट, हैडा, त्सिम्शियन, क्वाक्वाकावाक्व आदी लोक तांबड्या सीडर वृक्षाच्या अखंड खोडातून कोरतात. मिशनऱ्यांनी त्यांना मूर्ती समजून त्यांचा निषेध केला. वास्तविक त्यांची पूजा कधीच होत नसे. त्यांवर कोरलेली चिन्हे म्हणजे त्या घराण्याच्या पूर्वजांच्या कथा, पदव्या आणि हक्क होत. दुसऱ्या घराण्याचे चिन्ह परवानगीशिवाय कोरणे ही त्या समाजात उघड चोरीच ठरते.

चिन्हे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या असतात. पुढचे दोन मोठे दात आणि चौकडीची शेपटी असेल तर तो बीव्हर (पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडणारा प्राणी), चोच सरळ असेल तर डोमकावळा, बाकदार असेल तर गरुड. पण आकृती ओळखता आली म्हणजे स्तंभ वाचता आला असे नव्हे. त्यामागची कथा केवळ त्या घराण्यालाच सांगता येते. सर्वांत वरची आकृती सर्वश्रेष्ठ, ही समजूतही निराधार आहे, कारण पाहणाऱ्याच्या नजरेसमोर येणारा खालचा भाग पुष्कळदा मुख्य कारागीर स्वतः कोरतो.

घराच्या दर्शनी भागातील, मृताच्या स्मरणार्थ उभारलेले, माथ्यावरील पेटीत अस्थी ठेवलेले, तसेच ऋण न फेडणाऱ्याची जाहीर लाज काढणारे, असे स्तंभांचे अनेक प्रकार आहेत. स्तंभ उभारताना पॉटलॅच हा समारंभ होतो. त्यात यजमान घराण्याचा दावा जमलेले पाहुणे ऐकतात आणि भेटी स्वीकारून त्याचे साक्षीदार बनतात. स्तंभाचे खरे बळ लाकडापेक्षा या साक्षीत आहे. म्हणूनच कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅचवर घातलेली बंदी ही केवळ एका मेजवानीवरची बंदी नव्हती. तिने या समाजांची हक्कनोंदणीच मोडून काढली. त्याआधी १८६२ च्या देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली होती, आणि अशा ठिकाणांहून संग्रहालयांनी व व्यापाऱ्यांनी स्तंभ उचलून नेले. सिअ‍ॅटलमधील काही प्रतिष्ठितांनी तर १८९९ मध्ये एका ट्लिंगिट गावातून स्तंभ सरळ चोरून आणला आणि शहराच्या चौकात उभा केला.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील हैसला लोकांचा जिप्सगोलॉक्स स्तंभ १९२९ मध्ये स्वीडनला नेण्यात आला. दीर्घ पाठपुराव्यानंतर तो २००६ मध्ये परत मिळाला. स्टॉकहोममधील संग्रहालयाला तो जतन व्हावा असे वाटत होते. हैसला परंपरेनुसार मात्र जुना झालेला स्तंभ जमिनीवर पडून मातीला मिळणे हेच योग्य. स्तंभ झिजला तरी हक्क संपत नाही, कारण घराणे नवे खोड कोरून आणि पुन्हा साक्षीदार बोलावून तेच चिन्ह नव्याने उभारू शकते.