वायुसंकलन वाहिन्या, ग्रामीण : खोदकामापासून संरक्षण

नैसर्गिक वायूच्या विहिरींपासून प्रक्रिया प्रकल्पापर्यंत किंवा दूर पल्ल्याच्या पारेषण वाहिनीपर्यंत कच्चा वायू नेणाऱ्या भूमिगत नळांना खोदकामात इजा होऊ नये यासाठीची नियमव्यवस्था. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्थेचा विचार केला आहे. तेथे अशा नळांची लांबी चार लाख मैलांहून (सु. ६·४ लाख किमी.) अधिक मानली जाते आणि त्यांतील बहुतेक नळ शेते व कुरणे यांखालून गेलेले आहेत.

खोदयंत्राचा दात लागला की नळ दर वेळी लगेच फुटतोच असे नाही. पुष्कळदा पोलादावर केवळ चर किंवा पोचा पडतो, गंजरोधक लेप खरवडला जातो, वर माती लोटली जाते, आणि तोच दुखावलेला भाग काही महिन्यांनी वा वर्षांनी दाबाखाली उकलतो. घरगुती वायूला वास यावा म्हणून त्यात मिसळतात ते द्रव्य कच्च्या वायूत सहसा नसते. त्यामुळे गळती नाकाला कळेलच याची खात्री नसते. जून २०१० मध्ये टेक्सासच्या उत्तर भागातील डॅरूझेट गावाजवळ बुलडोझरचा धक्का संकलन वाहिनीला लागून झालेल्या स्फोटात दोन कामगार मृत्युमुखी पडले.

संघीय नियमनाचा आरंभ १९६८ च्या नैसर्गिक वायू पाइपलाइन सुरक्षा कायद्यापासून धरतात. त्या कायद्याने शहरे, गावे, खेडी व वसाहती यांच्या हद्दीबाहेरील वायुसंकलन नियमनातून वगळले. त्या काळचे संकलन नळ लहान व्यासाचे आणि कमी दाबाचे होते, ही सूट देण्यामागची पार्श्वभूमी होय. तथापि केवळ संकलन वाहिन्यांनाच सवलत मिळाली, असे समजणे बरोबर नाही. खोदकाम-इजा प्रतिबंधाचा कार्यक्रम चालकांवर (वाहिनी चालविणाऱ्या कंपन्यांवर) बंधनकारक करणारा १९८२ चा नियम विरळ वस्तीतील (वर्ग १ व २) पारेषण वाहिन्यांनाही २० सप्टेंबर १९९५ पर्यंत लागू नव्हता. वाहिनीच्या दोन्ही बाजूंस २२० यार्ड (सु. २०० मी.) रुंदीच्या, सलग एक मैल पट्ट्यात राहत्या इमारती दहा किंवा त्याहून कमी असल्यास ते ठिकाण वर्ग १ मध्ये मोडते.

‘संकलन वाहिनी’ म्हणजे नेमके काय, हा या विषयातील सर्वांत जुना व अद्याप पुरता न मिटलेला वाद आहे. १९७० च्या नियमावलीत ‘चालू उत्पादन सुविधेपासून पारेषण वाहिनीपर्यंत किंवा मुख्य वाहिनीपर्यंत वायू नेणारी ती’, अशी व्याख्या आहे. परंतु पारेषण वाहिनीची व्याख्या पुन्हा संकलन वाहिनीचाच आधार घेते, म्हणजे एकीचा अर्थ लावताना दुसरीचा अर्थ आधी ठाऊक असावा लागतो. ही अडचण दूर करण्याचा १९७४ मधील प्रस्ताव १९७८ मध्ये मागे घेण्यात आला व १९९१ मधील प्रस्तावही तडीस गेला नाही. १९९२ च्या कायद्याने कोणत्या संकलन वाहिन्या नियमनाखाली आणाव्यात हे ठरविण्याचा अधिकार परिवहन खात्यास मिळाला. अखेर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या उद्योगसंस्थेने २००० मध्ये काढलेली ‘आरपी ८०’ ही मार्गदर्शिका २००६ च्या नियमात स्वीकारली गेली. तीनुसार संकलनाचा शेवट प्रक्रिया प्रकल्प, शुद्धीकरण केंद्र, संपीडक (काँप्रेसर), निरनिराळ्या क्षेत्रांतील वायू एकत्र होण्याची जागा इत्यादींपैकी प्रवाहाच्या दिशेने जी सर्वांत पुढची असेल तेथे होतो. या ‘सर्वांत पुढची’ शब्दांमुळे हद्द लांबविण्यास वाव राहतो, हा टीकाकारांचा आक्षेप. क्षेत्राची प्रत्यक्ष रचनाच इतकी विविध आहे की याहून काटेकोर रेषा आखता येत नाही, असे उद्योगाचे म्हणणे. क्षेत्रे एकमेकांपासून ५० मैलांहून दूर नसावीत अशी अट खुद्द २००६ च्या नियमातच घालावी लागली, हे पाहता आक्षेपात तथ्य दिसते. २०१६ मध्ये ही मार्गदर्शिका वगळण्याचा प्रस्ताव आला होता, पण २०२१ च्या अंतिम नियमात ती कायम राहिली. नव्या वाहिन्यांच्या ‘आनुषंगिक’ संकलनास (त्या शेवटाच्या जागेपासून पुढे पारेषण वाहिनीपर्यंतच्या जोडनळास) मात्र १० मैलांची मर्यादा आली.

२००६ च्या नियमाने ‘अ’ (आतील दाबाने नळाच्या भिंतीवर जास्त ताण येणाऱ्या) व ‘ब’ (कमी ताणाच्या) असे दोन प्रकार पाडले. ‘ब’ प्रकारावर मोजकीच बंधने होती, परंतु खोदकाम-इजा प्रतिबंध त्यांत होता. वर्ग १ मधील वाहिन्या मात्र तशाच बाहेर राहिल्या. साधारणपणे २००० नंतरच्या दशकात शेल खडकातील वायूचे उत्पादन वाढले, ३६ इंचांपर्यंत व्यासाचे आणि पारेषण वाहिन्यांच्या तोडीच्या दाबाचे संकलन नळ त्याच शेतांतून टाकले जाऊ लागले, आणि १९६८ च्या सुटीचा आधार गेला. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध व १६ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने वर्ग १ मधील ८·६२५ इंच (सु. २२ सेंमी.) वा अधिक बाह्य व्यासाच्या, जास्त दाबाच्या वाहिन्यांचा ‘क’ प्रकार ठरविला (मूळ अक्षर ‘सी’). जवळपास वस्ती नसलेल्या १६ इंचांपर्यंतच्या ‘क’ वाहिन्यांना गंजरोध, गळती-पाहणी व खूणफलक यांतून सूट आहे. खोदकाम-इजा प्रतिबंध व आपत्कालीन योजना यांतून नाही. उरलेल्या ‘आर’ प्रकारच्या वाहिन्यांवर केवळ अहवालाचे बंधन आहे.

प्रत्यक्ष व्यवहार १ मे २००७ पासून देशभर सुरू झालेल्या ८११ या दूरध्वनी क्रमांकावर चालतो. खोदणाऱ्याने बहुधा दोन-तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचे. त्या क्रमांकावरचे सूचना-केंद्र ती सूचना आपले सदस्य असलेल्या चालकांना धाडते. चालकाचा माणूस येऊन पिवळा रंग मारतो किंवा पिवळ्या झेंड्या रोवतो. खुणेच्या दोन्ही बाजूंस साधारण १८ ते २४ इंचांत यंत्राऐवजी हाताने खोदायचे. मेख ‘सदस्य’ या शब्दात आहे. एकाच बांधालगत पारेषण वाहिनीवर झेंड्यांची रांग लागते आणि पलीकडच्या असदस्य संकलन वाहिनीवर काहीच लागत नाही, तेव्हा शेतकरी ती जागा मोकळी समजतो. प्लॅस्टिकच्या नळासोबत धातूची तार पुरलेली नसेल, तर शोधयंत्रालाही तो सापडत नाही. शिवाय उथळ खोदकाम कायद्याबाहेर असते (टेक्सासमध्ये १६ इंचांपर्यंत), आणि धुपीमुळे नळावरची माती वर्षागणिक कमी होत जाते. राज्याची अंमलबजावणी अपुरी असल्यास खोदणाऱ्यावर थेट संघीय कारवाईची तरतूद १ जानेवारी २०१६ पासून आहे. ती फक्त नियमनाखालील वाहिन्यांच्या बाबतीत लागू पडते.

राज्यांचे कायदे एकसारखे नाहीत. पेनसिल्व्हेनियाने २०१७ च्या दुरुस्तीने अंमलबजावणी सार्वजनिक सेवा आयोगाकडे दिली, पण जुन्या अल्पोत्पादक विहिरींच्या वाहिन्यांची सूट ठेवली. कोलोरॅडोतील फायरस्टोन येथे एप्रिल २०१७ मध्ये एका घरात स्फोट होऊन दोघे मरण पावले. घराच्या पायालगतचा, वापरात नसलेला समजला गेलेला एक इंची नळ बांधकामात तुटला होता आणि त्यातून वायू तळघरात शिरला होता. तांत्रिक दृष्ट्या तो संकलन वाहिनी नसून विहिरीजवळचा प्रवाहनळ होता, म्हणजे संघीय व्याख्येच्या अलीकडचा. त्यानंतर कोलोरॅडोने अशा नळांची नोंदणी व ८११ मधील सहभाग सक्तीचा केला.