मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण

मूलद्रव्ये अणुअंकाच्या, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येच्या, चढत्या क्रमाने मांडली की ठरावीक अंतराने त्यांचे गुणधर्म पुन्हा दिसू लागतात. या पुनरावृत्तीवर आवर्तसारणी उभी आहे. तिच्यात आज ११८ मूलद्रव्ये, १८ उभे गण आणि ७ आडवी आवर्ते आहेत. एका गणातल्या मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात बहुधा सारख्याच संख्येने इलेक्ट्रॉन असल्याने त्यांचे रासायनिक वागणे जुळते.

दिमित्री मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानानुसार लावली. पण क्रम आणि गुणधर्म यांचे जमेना, तिथे त्याने गुणधर्मांची बाजू घेतली. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड, तरी आधी बसवले. त्याहून धाडसाच्या म्हणजे त्याने सोडलेल्या रिकाम्या जागा. सिलिकॉनखालच्या मूलद्रव्याचे अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ असेल, असे त्याने वर्तवले होते. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, ते ७२.६ आणि ५.३२ भरले. टेल्युरिअमचे कोडे मात्र हेन्री मोस्ले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये अणुअंक प्रयोगाने ठरवल्यावरच सुटले.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना धातुगुण घटतो आणि ऑक्साइडे आम्लारिधर्मी असतात ती आम्लधर्मी होत जातात. सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत, गाळप हंगामात, हाच फरक कामाला येतो. उसाच्या रसात चुन्याचे दूध सोडतात आणि भट्टीत गंधक जाळून मिळालेला सल्फर डायऑक्साइड फुंकतात. कॅल्शिअम गण २ मधला धातू, गंधक गण १६ मधला अधातू. दोघांच्या ऑक्साइडांच्या उदासिनीकरणातून कॅल्शिअम सल्फाइटचा साका बनतो आणि रसातली घाण घेऊन तळाशी बसतो. सामू (pH) ७ च्या आसपास राखावा लागतो; चुना जास्त झाला तर रस काळवंडतो, कमी पडला तर साखर साध्या शर्करांमध्ये फुटते. गाळून उरलेला साका, म्हणजे प्रेसमड, शेतकरी खत म्हणून नेतात.

सोलापूरच्या चादरी-टॉवेलांच्या रंगाईला बोअरचे कठीण (दुष्फेन) पाणी अडचणीचे ठरते, त्यातही गणच दिसतो. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम दोघेही गण २ चे, म्हणून साबणाशी दोघांचीही न विरघळणारी चिकट साय होते. पाणी मऊ करणाऱ्या रेझिनमध्ये (आयनांची अदलाबदल करणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक मण्यांत) त्यांच्या बदल्यात गण १ मधला सोडिअम पाण्यात उतरतो. त्याचे बहुतेक क्षार विरघळतात. रेझिन थकले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरतात.

हायड्रोजनची जागा अजून वादाची आहे. तो सोडिअमसारखा इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरिनसारखा घेतोही. बहुतेक सारण्या त्याला गण १ च्या माथ्यावर ठेवतात, काही वेगळाच ठेवतात.