शिवराई

शिवराई (स्त्रीलिंग, अनेकवचन शिवराया) : मराठेशाहीतील तांब्याचे नाणे, म्हणजेच त्या काळचा पैसा. शब्दाची फोड सरळ आहे. ‘राजा’चे प्राकृतातून आलेले रूप ‘राय’. शिवरायांचे ते शिवराई. ‘शिवराई होन’ मात्र सोन्याचा. नुसते शिवराई म्हटले की तांबेच समजायचे.

1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर हे नाणे पाडले गेले. एका बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र / पति’. पुढे ठिकठिकाणच्या टाकसाळींनी हाच मजकूर गिरवला. ठसे कोरणारे कारागीर वेगवेगळे, म्हणून ‘सिव’, ‘सीव’ अशीही रूपे सापडतात. अभ्यासक या चुकांवरून आणि सूर्य-चंद्रासारख्या चिन्हांवरून प्रकार लावतात. पेशवाईत ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा आल्या आणि लोकांनी त्या नाण्याला दुदांडी शिवराई म्हटले.

पेशव्यांच्या पुण्यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. इथल्या टाकसाळीचा अंकुशी रुपया चांदीचा. त्यावर दिल्लीच्या बादशहाचे नाव, तेही फारसी अक्षरांत. शिवराईवर मात्र देवनागरी, आणि नाव महाराजांचे. सावकार-सरदारांच्या थैलीत बादशहा आणि भाजी घेणाऱ्याच्या कनवटीला शिवराय, असा तो व्यवहार होता. महाराजांना जाऊन शंभर वर्षे लोटली तरी त्यांचे नाव रोज हातातून फिरत राहिले ते या हलक्या नाण्यामुळे, आणि माझ्या मते शिवराईचे खरे मोल इथेच आहे. रुपयाच्या हिशेबात 16 आणे आणि आण्याचे 4 पैसे धरत. पण तांब्याचा प्रत्यक्ष भाव कमीजास्त होई आणि मोड घेताना सराफ बट्टा कापून घेत.

1818 मध्ये पेशवाई गेली, तरी शिवराई एकदम हटली नाही. कंपनीच्या पैशाबरोबर तीही बराच काळ बाजारात चालत होती. अनेक घरांत ती अजून देव्हाऱ्यात असते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शिवराया विकायला येतात, त्यांत नव्याने ओतलेल्या नकलाही असतात. हाती आलेले नाणे चिंचेने घासून लख्ख करू नये. तांब्यावर चढलेला जुना थर निघतो, त्याबरोबर झिजलेली अक्षरेही पुसट होतात.